सगळ्यांनी बघून घ्या

आप्पा,

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या भागात पैसा दोनच वाटांनी यायचा. एक तुमच्या खाकी पिशवीतून, दुसरा बाजारच्या दिवशी व्यापाऱ्याच्या खिशातून. आता तो येताना दिसत नाही. कांदा टेंपोत चढतो, दोन दिवसांनी शेतकऱ्याच्या खिशातला मोबाईल एकदा थरथरतो आणि पैसे आलेले असतात. तुम्ही असतात तर विचारलं असतं, पण हातात काय पडलं? हाच प्रश्न मला गेली सहा वर्षं रोज कुणी ना कुणी विचारतं, आणि त्याचं उत्तर देणं हेच माझं काम आहे. आपल्याकडच्या एकर-दीड एकरवाल्यांनी मिळून एक कंपनी काढलीय. नाव कंपनीचं, पण आहे म्हणाल तर न्हावऱ्याच्या रस्त्याला एक पत्र्याचं शेड, एक वजनकाटा, एक कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर मी. माल सगळ्यांचा एकत्र विकायचा, पैसे ज्याच्या त्याच्या खात्यावर थेट. खातं उघडून देणं, पैसे आलेत का ते मोबाईलवर बघायला शिकवणं, मशीनवर अंगठा उमटला नाही तर बँकेत घेऊन जाणं, हे सगळं मी करते. तुमची मुलगी म्हणून लोकांनी मला पहिल्यांदा दारात उभं केलं. एखादा म्हातारा अडून बसला की मागून कुणीतरी म्हणायचं, "पोस्टमन आप्पांची पोरगी हाय, खोटं न्हाई सांगायची," आणि काम व्हायचं.

सगळ्यात जास्त अडून बसले ते नदीकडच्या वस्तीवरचे चाचा. तुम्ही त्यांना नावानं हाक मारायचात, कारण तेव्हा ते तरुण होते आणि त्यांचा थोरला भाऊ मुंबईहून मनिऑर्डर पाठवायचा. आता त्यांची दाढी पांढरी झालीय. दीड एकरात कांदा आणि भेंडी, दारात सात-आठ शेळ्या. दोन वर्षं त्यांनी मला दाद दिली नाही. तिसऱ्या वर्षी स्वतःहून शेडवर आले आणि म्हणाले, "तुझ्या बापाच्या हातनं घ्यायचो, आता तुझ्या मशीनीतनं घेतो. पर मला त्यातलं काय कळत न्हाई. तू आन् माझी सून, दोघी बघा." सून श्रीगोंद्याकडची, बारावी झालेली. तिचा नवरा रांजणगावला कारखान्यात शिफ्टला जातो. खातं चाचांचं, पण मोबाईल तिच्या हातात. वर्षभरात वस्तीवरच्या सगळ्या बायका आपापले मोबाईल घेऊन तिच्याकडे यायला लागल्या. मी कंपनीच्या अध्यक्षांकडे शब्द टाकला होता की हिला कामावर घ्या, नदीकडच्या वस्त्या ती सांभाळेल. होईल, होईल असं चाललं होतं.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. कांदा काढून साठवणीच्या चाळीत पडला होता, दोन मोठ्या गाड्यांचे पैसे नुकतेच खात्यांवर आले होते. सकाळी सव्वाआठ-साडेआठची वेळ असेल. मी भाकरी थापत होते. शिरूरच्या एका ओळखीच्या बाई आहेत, माझ्यासारखंच काम करतात. त्यांच्या नंबरवरून मोबाईलवर एक फाईल आली. वर नाव होतं, कांदा अनुदान, गावनिहाय यादी. त्या यादीची सगळेच वाट बघत होते. मी पिठाच्या हातानं ती आमच्या कंपनीच्या ग्रुपवर पुढं पाठवली. त्या ग्रुपवर दीडशेच्या वर माणसं आहेत. नुसती पाठवली असती तर कदाचित कुणी उघडली नसती. मी खाली माझे शब्द घातले: आपल्या गावांची यादी आलीय, सगळ्यांनी बघून घ्या. मी स्वतः ती उघडलीही नव्हती.

नऊ वाजून गेल्यावर त्या बाईंचा फोन आला. त्या रडत होत्या. म्हणाल्या, माझ्या मोबाईलवरून काही आलं असेल तर हात लावू नका, ती यादी नाही, ते चोरांचं ॲप आहे, माझं खातं पुसून नेलं. आप्पा, हे तुम्हाला कसं समजावू? समजा, कुणीतरी तुमच्यासारखीच खाकी कापडं घालून घरात शिरला. तो काही मागत नाही, नुसता आत बसून राहतो. बँकेकडून येणारं प्रत्येक पत्र घरधन्याच्या आधी तोच फोडतो आणि उत्तरही तोच लिहितो. फाईल उघडली की मोबाईलचं असं होतं. मालकाला पत्ता लागत नाही. मी ग्रुपवरचा माझा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. मग एकेकाला फोन लावायला घेतले.

बहुतेक जण रानात होते, त्यांनी मोबाईल बघितलाच नव्हता. दोघांनी फाईल अर्धवट उघडून सोडली होती आणि त्यांच्या खात्यातही काही नव्हतं. त्यांना मी मोबाईल बंद करून सिम काढायला सांगितलं. ग्रुपवर तीच फाईल पुन्हा आली होती, या वेळी चाचांच्या सुनेच्या नंबरवरून. तिनं पाठवलेली नव्हती. ज्या मोबाईलमध्ये ते ॲप शिरतं, त्याच्यावरून ते आपणच पुढं पसरत जातं. म्हणजे तिनं ते दाबलं होतं. मी तिला फोन लावला. दोन रिंग झाल्या, उचलला गेला. मी म्हणाले, अगं, मोबाईल बंद कर आधी. मग एका पुरुषाचा शांत आवाज आला, "हाँ, बोलिए." मला वाटलं, चुकीचा नंबर लागला. पुन्हा लावला. पुन्हा तोच आवाज, "बोलिए मॅडम, किससे बात करनी है?" चाचांच्या घरी येणारा फोनसुद्धा आता त्यांच्या घरी न वाजता चोराकडे वाजत होता. पोट भरलेला माणूस ओसरीवर बसून बोलतो, तसा तो आवाज होता, कसलीच घाई नसलेला.

मी गाडी काढली. आपल्या गावापासून नदीकडची वस्ती सहा किलोमीटर, कॅनॉलच्या कडेनं रस्ता, निम्मा डांबरी, निम्मा मुरमाड. त्याच रस्त्यानं मी तुमच्या सायकलच्या मागं बसून जायची. शनिवारची अर्धी शाळा सुटली की तुम्ही मला फेरीवर न्यायचात. पायात काटे भरतात म्हणून तुम्ही तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून मला कॅनव्हासचे बूट आणले होते. मुलींचे मिळाले नाहीत म्हणून मुलांचे, एक नंबर मोठे, पुढं कापूस कोंबून दिलेले. आई म्हणाली होती, पोरीला हे काय घातलंत. तुम्ही म्हणालात, चालायचंय तिला. पावसाळ्यात कधी पिशवी भिजली की रात्री चुलीच्या कडेला परातीत तुम्ही लोकांची पत्रं वाळत घालायचात आणि आई भाकरी थापताना प्रत्येक वेळी परात थोडी लांब सरकवायची. एकाही पत्राला कधी डाग पडलेला मी बघितला नाही. त्या दिवशी मुरमावरून गाडी घसरत होती, आणि माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं, ती परातच दिसत होती.

वस्तीवर पोचले तेव्हा सून गोठ्यापाशी शेळ्यांना पाला टाकत होती. मोबाईल खिडकीत चार्जिंगला लावलेला. हातात घेतला तर तापलेला. मी सिम काढलं तोवर तिचा चेहरा उतरला होता. तिला सगळं सांगावं लागलं नाही, हुशार आहे. ती एवढंच म्हणाली, "ताई, ग्रुपवर यादी आली होती," आणि माझ्याकडे बघत थांबली. पुढचं वाक्य तिनं केलं नाही. मीही केलं नाही. चाचा बांधावरून आले. मी त्यांना म्हणाले, चाचा, गाडीवर बसा, बँकेत जायचंय. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. धोतराचा सोगा खोचला आणि मागं बसले. पासबुक तिनं आतून आणून त्यांच्या हातात दिलं.

चाचांचं खातं केडगावला. बाजाराला जाणं तिकडं, म्हणून खातंही तिकडं. पारगावचा पूल ओलांडताना मागून चाचा म्हणाले, "किती गेलं असंल?" मी म्हणाले, अजून माहीत नाही, कदाचित काहीच नसेल. पुलापलीकडं गुऱ्हाळांची रांग लागते, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आडव्या, धूर, भय्ये लोक चिपाडं वाळत घालतायत. एका ट्रॉलीमागं आम्ही अडकलो आणि ती हलेना. मी हॉर्न वाजवत राहिले. चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सावकाश घे बेटा. जायाचं ते गेलं असंल, आपुन दोघं तरी राहू." त्या खात्यात कांद्याचे पैसे होते आणि ईदच्या आधी विकलेल्या दोन बोकडांचे. नदीवरून पाइपलाइन आणायची म्हणून त्यांनी तीन वर्षं साठवत आणलेले. हे मला माहीत होतं, कारण पैसे घरात ठेवू नका, खात्यावर ठेवा, असं त्यांना मीच सांगितलं होतं.

बँक उघडून फार वेळ झाला नव्हता. खिडकीवरच्या बाईंनी माझं तोंड बघूनच मला आत घेतलं. त्यांनी खातं गोठवलं आणि पडद्यावर बघत म्हणाल्या, तीन वेळा गेलेत. एकाहत्तर हजार. नऊ हजार राहिलेत. चाचा खुर्चीच्या कडेला बसले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. मग त्या बाईंना विचारलं, "बाई, मी तर अंगठा दिला न्हाई. मग कुणी दिला?" बाईंनी माझ्याकडे बघितलं.

तुमच्या अंगठा घ्यायच्या पद्धतीची मला तिथंच आठवण झाली. मनिऑर्डरच्या कागदावर अंगठा घेतला की तुम्ही खिशातून रॉकेलची बाटली आणि चिंधी काढायचात आणि त्या माणसाचा अंगठा पुसून द्यायचात. निळा अंगठा घेऊन कुणी घरी जायचं नाही. आणि एक दिवस, मी दहा-अकरा वर्षांची असेन, लांबच्या एका वस्तीवर एका विधवेची मनिऑर्डर होती. ती रानात गेलेली. तिचा दीर म्हणाला, द्या माझ्यापाशी, मी देतो, घरचाच माणूस आहे. तुम्ही म्हणालात, बसतो. आपण लिंबाखाली बसलो. ऊन चढलं, मला तहान लागली, बूट पायाला लागत होते. मी चिडून म्हणाले, देऊन टाका ना, घरातलाच तर आहे. तुम्ही माझ्यावर कधी हात उचलला नाही, पण त्या दिवशीचा आवाज अजून लक्षात आहे. "कागदावर काय, कुणीबी लिहितंय. लोकं कागद बघत न्हाईत, माझ्या तोंडाकडं बघत्यात. ते तोंड मी दिराला देऊ व्हय?" दोन तासांनी ती बाई आली. डोक्यावर गवताचा भारा. तुम्ही उठून उभे राहिलात, साहेब आल्यासारखे. मी मात्र परत येताना वाटभर तुमच्याशी बोलले नाही.

शिरूरला जाऊन तक्रार नोंदवली, सायबरवाल्यांच्या नंबरवर कळवलं, बँकेत अर्ज दिले. हे सगळं दोन-तीन दिवसांत उरकलं. खरी गोष्ट नंतर सुरू झाली. ग्रुपवर फाईल दिसत होती ती सुनेच्या नंबरवरून. माझा मेसेज सकाळच्या पाऊण तासापुरता होता, तो फार थोड्यांनी बघितला, आणि नंतर त्या जागी नुसती एक पुसट ओळ राहिली होती की मेसेज डिलीट केला आहे. तिकडं कोण लक्ष देतो? चार दिवसांत गावात गोष्ट पक्की झाली: चाचांच्या सुनेनं काहीतरी भलतंच दाबलं, सासऱ्याचं खातं रिकामं केलं आणि वर सगळ्या गावाला पाठवलं. कुणी म्हणालं, ती सारखी मोबाईलवरच असते. कुणी म्हणालं, बायकांच्या हातात कशाला द्यावं. जिचा मोबाईल ती रोज बघून द्यायची त्या शेजारणीनंही तोंड फिरवलं. आणि कुणी तर, आप्पा, तिच्या माहेराचं, जातीचं काढलं. पिढ्यान्पिढ्या आपल्या शेजारी राहिलेली माणसं आहेत ती. तुम्ही त्यांच्या घरचा चहा प्यायल्याशिवाय वस्तीवरून परत यायचा नाहीत.

मी अध्यक्षांकडे गेले. मोठं घर, साठ एकर ऊस, सोसायटीत वजन, सगळा भाग त्यांना मामा म्हणतो. वाईट माणूस नाही. कंपनी उभी राहिली ती त्यांच्यामुळं. मी त्यांना सांगितलं, मामा, ती फाईल पहिल्यांदा माझ्याकडून गेली. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला, दार लोटून घेतलं आणि विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे? मी म्हणाले, तुम्हालाच सांगतेय. ते बराच वेळ बोलले. की लोकांनी आत्ता कुठं खात्यावर पैसे घ्यायला सुरुवात केलीय. तुमचं नाव आलं म्हणजे कंपनीचं आलं. पुढच्या हंगामाला निम्मे लोक रोख पैशासाठी व्यापाऱ्याच्या दारात जाऊन बसतील, तो देईल तो भाव घेतील. एका घराचं नुकसान झालंय, ते आपण वर्गणी काढून भरू. शेवटी म्हणाले, "ताई, पोरगी काय, चार दिस बोलणी खाईल आन् लोकं इसरतील. तुमचं तसं न्हाई." त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि मला तेच ऐकायचं होतं. घरी येताना मला हलकं वाटत होतं. त्या हलकेपणाची लाज वाटायला दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी वस्तीवर गेले, वर्गणीचं सांगायला. चाचा शेळ्यांमागं गेले होते. सून चुलीपाशी बसली होती, बाजूला कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली. नवऱ्यानं मोबाईल काढून घेतला होता आणि सांगितलं होतं, काही दिवस माहेरी जाऊन राहा, मला कामावर लोक विचारतात. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं ती जाणार होती. मी तिच्यासमोर पाटावर बसले. वर्गणीचं काढलंच नाही. मी विचारलं, तू त्याला सांगितलं नाहीस का, पहिल्यांदा कुणी पाठवलं ते? तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"मी वाचलं होतं ताई. तुमचं नाव बघूनच उघडलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

तिच्या बोलण्यात राग असता तर मला सोसलं असतं. टोमणाही नव्हता. दळण आलं का विचारल्यावर सांगावं तसं ती म्हणाली आणि मला चहा टाकला. तो चहा मी प्यायले, कारण न पिता उठणं मला जमलं नसतं. उठताना तिला एवढंच सांगितलं की उद्या जाऊ नकोस, परवा शेडवर मीटिंग आहे, चाचांना आणि नवऱ्याला घेऊन ये.

परवाच्या त्या मीटिंगला शंभरेक माणसं जमली. मामा समोर खुर्चीवर, मी कॉम्प्युटरपाशी. त्यांनी सुरुवात केली, कुणाच्या तरी नजरचुकीनं असं झालं, आपण एकमेकांना सांभाळून घ्यायचं. लोक माना डोलावत होते. मी शेडच्या दाराकडे बघत होते. मामा वर्गणीवर आले तेव्हा चाचा दारात दिसले, मागं मुलगा, त्याच्या मागं पदर घेतलेली सून. ते आत आले नाहीत, पायरीपाशीच उभे राहिले. मी उठले. मामांनी माझ्याकडे बघून मान किंचित हलवली, नको म्हणून. मी बोलायला लागले ते फार वाईट बोलले, आप्पा. वाक्यं तुटत होती. पण सांगितलं. की यादी म्हणून ती फाईल ग्रुपवर पहिल्यांदा मी टाकली. बघून घ्या असं मी लिहिलं. या पोरीनं माझ्या शब्दावर ती उघडली आणि मग तिच्या मोबाईलवरून ती आपोआप गेली. मी माझा मेसेज पुसला आणि इतके दिवस गप्प बसले. ज्याला विश्वास नाही त्यानं ग्रुपवर त्या सकाळी साडेआठच्या जागी बघावं, माझ्या नावाखाली पुसल्याची ओळ आहे. शंभर माणसांनी खिशातून मोबाईल काढले.

कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील. मागून एक म्हातारे उठले, आप्पा, तुमच्याच वयाचे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोस्टमनच्या घरात असं न्हवतं." आणि ते निघून गेले. त्यांच्या मागं दहा-पंधरा जण गेले. चाचा पायरी चढून आत आले, लोकांच्या मधून चालत माझ्यासमोर आले. मला वाटलं, आता हे बोलतील. ते म्हणाले, "त्या दिशी गाडीवर सांगितलं असतंस तर मी घरी जाऊन पोरीला बोललो नसतो." एवढंच. म्हणजे त्यांनीही तिला बोल लावला होता. ते मला तेव्हा कळलं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. मामांनी मला काढलं नाही, पण ग्रुप माझ्याकडून घेतला. नदीकडच्या वस्त्या आता सून सांभाळते, पगार थोडा आहे, पण आहे. नवऱ्यानं मोबाईल परत दिला. त्यांच्या घरात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, ती माहेरी गेली नाही एवढं खरं. पाच महिन्यांनी बँकेकडून तीस हजारांच्या आसपास परत आले, बाकीचे गेले ते गेलेच. राहिलेले मी माझ्या पगारातून देऊ केले, चाचांनी घेतले नाहीत. पाइपलाइन यंदाही झाली नाही. काही लोक व्यापाऱ्याकडे परत गेले. मामांचं तेवढं भाकीत खरं ठरलं. राहिले त्यांना मी आता काही पाठवत नाही. फोन करते, नाहीतर गाडीवर जाऊन तोंडानं सांगते. वेळ जातो. लोक मला पूर्वीसारखंच ताई म्हणतात, पण मी समोर धरलेला कागद आता दोनदा वाचतात आणि मग सुनेला विचारतात. ते बरोबरच आहे.

हे पत्र पोस्टात पडणार नाही, ते तुम्हालाही माहीत आहे. म्हणून एक लिहून टाकते. वर मी लिहिलंय की मी मेसेज डिलीट केला, मग एकेकाला फोन लावायला घेतले. मीटिंगमध्येही असंच सांगितलं. त्या दोन वाक्यांच्या मध्ये मी भाजीला फोडणी दिली. ह्यांचा डबा भरला. ह्यांनी विचारलं, कुणाचा फोन होता, मी म्हणाले, कुणाचा नाही. मी मनाशी म्हणत होते की कुणी उघडली नसेल, फोन केले तर उगीच सगळ्यांना कळेल की मी पाठवली. डबा घेऊन ते गेले, मी ओटा पुसला, आणि मग मोबाईल हातात घेतला तेव्हा ती फाईल सुनेच्या नंबरवरून आलेली दिसली. तेव्हा मी फोन लावायला लागले. माझ्या मोबाईलवर वेळा आहेत. शिरूरच्या त्या बाईंचा फोन नऊ वाजून पाच मिनिटांनी, माझा पहिला फोन नऊ एक्केचाळीसला. बँकेनं चाचांना जो छापील कागद दिला त्यावर पहिली रक्कम नऊ बत्तीसला गेलीय. चाचांना वाचता येत नाही. तो कागद पासबुकात घडी करून ठेवलेला आहे आणि पासबुक सुनेच्या पेटीत असतं. तिनं तो इतरांना गेलेल्या माझ्या फोनच्या वेळेशी ताडून बघितलाय का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.